पांढऱ्या पुडीचा भरवसा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरालगत पावसाळी बंदीच्या दिवसांत ओढून ठेवलेल्या फायबरच्या होड्यांची डागडुजी करण्यात ज्याची उमर गेली, त्याने स्वतःची चूक कबूल करण्यास संकोच बाळगू नये. एका मालकाने इंजिनाच्या खोलीचे झाकण आगीला सहजी दाद न देणारे करावयास फर्मावले, आणि मी सुट्या गोणीतली पांढरी पूड हायड्रेट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, समजून पॉलिएस्टर रेझिनमध्ये बेलाशक मिसळली. पुढे एक्झॉस्टच्या तापल्या नळीपाशी डिझेलने भिजलेली चिंधी पेटली; खलाशांनी ओल्या गोणपाटांनी आग दाबली, परंतु तोवर झाकण काळ्याकुट्ट धुराचे लोट सोडीत अर्धे जळाले होते. उरलेल्या पुडीवर लिंबू पिळताच ती फसफसली. तो निव्वळ खडू होता!

खरे हायड्रेट 200 अंश सेल्सिअसच्या सुमारास विघटन पावून 100 ग्रॅमांमागे जवळजवळ 35 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने सोडते, त्या खटाटोपात ज्वालेची उष्णता गिळते आणि मागे अ‍ॅल्युमिनाचा थर ठेवते. खडूची भुकटी मात्र रेझिनची राख होईतो स्वस्थ बसते. गंमत अशी की, या हायड्रेटचे मूळ जे बॉक्साइट, ते आमच्या जांभ्याचेच भाऊबंद असून याच जिल्ह्यात मंडणगड-दापोलीकडे सापडते, आणि बेळगावच्या कारखान्यात त्यापासून हायड्रेट बनते.

चिमूटभर घालून मात्र काही साधत नाही. वजनाने रेझिनइतकीच पूड लागते. मग मिश्रण इतके दाटते की ब्रशखाली मॅट नीट भिजत नाही, आणि पूड तळाशी बसते म्हणून डबा वरचेवर ढवळावा लागतो. हार्डनरचे माप केवळ रेझिनच्या वजनावर धरावे. भरणाने ताकद घटते, सबब होडीच्या तळाला हा प्रयोग करू नये. 200 अंशांपलीकडे वितळवून घडवायच्या प्लॅस्टिकसाठी 330 अंशांच्या आसपास पाणी सोडणारे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बरे.

दुसरे झाकण मी पदरमोड करून केले. त्याआधी कोरडी केलेली चमचाभर पूड काचेच्या नळीत घालून मालकादेखत स्पिरिटच्या दिव्यावर धरली. "पाणी दिसल्याबिगर रेझिनचा डबा उघडायचा नाही," असे बजावून तो नळीच्या वरच्या थंड भागाकडे डोळे लावून बसला, आणि पहिला थेंब जमला तेव्हा माझ्याआधी त्यानेच डब्याला हात घातला.