स्वयंअध्ययन : फायदे आणि धोके



दहावीचे वर्ष सुरू झाले की घरोघरी एकच चर्चा असते : क्लास लावायचा, की मूल घरीच अभ्यास करील? कुणाला फी परवडत नाही, कुणाची संध्याकाळ जाण्यायेण्यातच जाते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांना तर बहुतेक अभ्यास स्वतःच करावा लागतो.

एकट्याने शिकून काय मिळते आणि काय निसटते, हे श्रीनिवास रामानुजन यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. कुंभकोणमच्या या मुलाच्या हाती १९०३च्या सुमारास कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे गणिताचे पुस्तक पडले. त्यात हजारो सूत्रे होती, पण ती कशी आली याचे स्पष्टीकरण अगदी त्रोटक. मग मुलाने पाटीवर स्वतःच ती सोडवायला घेतली. आयते उत्तर नसल्यामुळे डोके चालवावे लागले आणि त्यातून त्याला नवी सूत्रे सुचू लागली. हा स्वयंअध्ययनाचा खरा लाभ.

पण त्याच नादात इतर विषय मागे पडले. शिष्यवृत्ती गेली आणि एफ. ए.च्या परीक्षेत तो नापास झाला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा! आवडेल तेवढेच वाचायचे, ही सवय एकट्याला लवकर जडते. टोकणारे कोणी नसते.

दुसरा धोका लवकर लक्षात येत नाही. १९१३ साली रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र पाठवले. त्यातील काही सूत्रांनी हार्डी थक्क झाले. काही मात्र युरोपात आधीच सिद्ध झालेली होती आणि मूळ संख्यांविषयीचा एक दावा तर चक्क चुकीचा होता. एवढ्या बुद्धिमान माणसालाही आपली चूक एकट्याने सापडली नाही, मग आपल्या मुलांचे काय?

आता मोबाईलवर धडे मिळतात. पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते; मोबाईल बाजूला ठेवून कोरा कागद घेतला की खरे कळते. म्हणून मुलांनी नावडत्या विषयाने सुरुवात करावी आणि आठवड्यातून एकदा वही कुणाला तरी दाखवावी. आपल्या गावात निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजला जाणारी मुलेमुली आहेत. रविवारी मिस्सानंतर त्यांनी अर्धा तास दिला तरी पुरे. उदाहरण सोडवून देऊ नये. कुठे चुकले तेवढे दाखवावे आणि वही परत द्यावी.