घसरणीचे भाकीत आणि चिपयंत्रांचे समभाग

शेअर बाजार घसरू लागला की बँकेच्या शाखेत दोन प्रश्न हमखास विचारले जातात : घसरण कोठे थांबणार, आणि आता खरेदी करावी काय? जबलपूर जिल्ह्यातील मझौली येथे राहणाऱ्या एका निवृत्त मराठी शिक्षकाचे उदाहरण समजुतीसाठी घेता येईल. त्यांचे १० लाख रुपये मुदत ठेवीत आहेत. पैकी ४ लाख दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी लागणार आहेत. सेमीकंडक्टर चिप तयार करण्याची यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांचे समभाग बरेच खाली आल्याचे त्यांच्या वाचनात येते. ठेव मोडावी काय?

उच्चांकापासून सुमारे १० टक्के घट झाली की तिला ‘करेक्शन’ म्हणतात आणि २० टक्के झाली की मंदी. अडचण अशी की, ही नावे घसरण झाल्यानंतरच देता येतात. दहाव्या टक्क्यावर उभे असताना पुढे आणखी किती पायऱ्या आहेत, हे दिसत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. १० टक्के उतरल्यावर ‘स्वस्त झाला’ म्हणून निर्देशांकात १० लाख रुपये गुंतविणाऱ्याच्या हाती ९ मार्च २००९ रोजी, निर्देशांक ८,१६० वर असताना, सुमारे ४.३ लाख रुपये उरले असते. उलट, तळाची खात्री पटेपर्यंत थांबलेल्यांचीही फसगत झाली. लोकसभेच्या निकालानंतर, १८ मे २००९ रोजी, सेन्सेक्स एकाच दिवसात १७ टक्क्यांहून अधिक वर गेला आणि व्यवहारच थांबवावे लागले. बाहेर उभ्या असलेल्यांना आत शिरण्यास त्या दिवशी वावच मिळाला नाही.

चिपयंत्रांच्या कंपन्यांत हे चढउतार अधिक तीव्र का असतात, याचे उत्तर मझौलीच्या शेतातही सापडते. गहू आणि धान पिकविणाऱ्या या भागात कापणीसाठी दहा हार्वेस्टर लागतात आणि प्रत्येक दहा वर्षे टिकतो, असे समजावे. म्हणजे दरवर्षी एक जुना बाद होतो व एक नवा घेतला जातो. कापणीचे काम १० टक्क्यांनी वाढले तर अकरा हवेत. त्या वर्षी दोन घेतले जातील. विक्रेत्याचा धंदा दुप्पट! कामात १० टक्के घट झाली तर नऊच पुरतात, आणि विक्रेत्याकडे कोणीही फिरकत नाही. शेतकऱ्याची घट १० टक्के, विक्रेत्याची शंभर टक्के. अर्थशास्त्रात यास त्वरण तत्त्व म्हणतात; अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९१७ मध्ये त्याची मांडणी केली होती.

२००९ चे आकडे या तत्त्वाची जणू प्रचीतीच देतात. त्या वर्षी जगातील चिपची विक्री सुमारे ९ टक्क्यांनी घटली. यंत्रांची विक्री मात्र सुमारे ३० अब्ज डॉलरवरून १६ अब्जांवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आली. २०१० मध्ये चिपची विक्री सुमारे ३२ टक्क्यांनी वाढताच यंत्रांची विक्री सुमारे ४० अब्जांवर पोहोचली.

मात्र समभागांनी या आकड्यांची वाट पाहिली नाही. चिप उद्योगाच्या समभागांचा फिलाडेल्फिया निर्देशांक नोव्हेंबर २००८ मध्येच तळाला गेला होता. यंत्रविक्रीचे सर्वांत वाईट आकडे त्यानंतर आले. २०२२ मध्येही तसेच घडले. ७ ऑक्टोबर रोजी अमेरिकेने चीनला प्रगत चिपयंत्रे विकण्यावर निर्बंध जाहीर केले, सर्वत्र निराशा पसरली, आणि निर्देशांकाचा तळ त्याच महिन्यात पडला. पुढील वर्षी तो दीडपटीहून अधिक झाला. वाईट बातमी संपण्याची वाट पाहणाऱ्यास स्वस्त भाव सहसा मिळत नाही, तो यामुळेच.

पूर्वी अभ्यासकांचा भर ‘बुक-टु-बिल’ गुणोत्तरावर असे. नव्या मागण्यांना बिल केलेल्या विक्रीने भागून ते काढले जाई. एकाहून अधिक असेल तर मागणी वाढती. उद्योगसंघटना ‘सेमी’ उत्तर अमेरिकेतील उत्पादकांसाठी ते दरमहा प्रसिद्ध करीत असे. २०१७ च्या आरंभी ते बंद झाले. त्वरण तत्त्वही यांत्रिकपणे वापरण्याजोगे नाही. २०२३ मध्ये चिपची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटूनही यंत्रांची विक्री एखाद्याच टक्क्याने कमी झाली, कारण एक तृतीयांशाहून अधिक यंत्रे एकट्या चीनने विकत घेतली. असे कोणत्या सूत्रात बसवावयाचे?

पुनरुत्थान होते, ते किती काळाने, हाच खरा प्रश्न. सेन्सेक्सने २००८ ची उंची नोव्हेंबर २०१० मध्ये, तीन वर्षांच्या आत, पुन्हा गाठली. फिलाडेल्फिया निर्देशांकास मार्च २००० ची उंची पुन्हा पाहण्यास २०१८ उजाडावे लागले. निवृत्त माणसाच्या हिशेबात १८ वर्षे हा आकडा लहान नव्हे.

अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च, नेदरलँड्सची एएसएमएल किंवा जपानची टोकियो इलेक्ट्रॉन यांची नोंदणी भारतीय बाजारांत नाही. थेट खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, वर्षाला २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत, पैसे परदेशी पाठवावे लागतात. तेव्हा भावाबरोबर रुपयाचा विनिमय दरही हिशेबात येतो.

शिक्षकांच्या ४ लाखांना यात स्थान नाही. दोन वर्षांत तळ पडेल की नाही, हे सांगता येत नाही. उरलेल्या ६ लाखांतून उपजीविकेची तजवीज केल्यावर काही शिल्लक राहिली, तर तिचा लहानसा भाग दरमहा थोडा थोडा गुंतविता येईल. त्यात तळ ओळखण्याची गरज नसते : जानेवारी २००८ पासून दरमहा खरेदी करणारा मार्च २००९ मध्येही खरेदी करीत होता आणि १८ मे रोजी बाजाराच्या आत होता. ठेवीवर कर्ज काढून समभाग घेण्याचा विचार मात्र त्यांनी सोडून द्यावा. भाव वर येण्यास तीन वर्षे लागोत की अठरा, कर्जावरील व्याज पहिल्या महिन्यापासूनच सुरू होते.