भुजांचा टेलिग्राफ

डोंगरमाथ्यावर जाळ पेटवून दूरवर वर्दी देण्याची पद्धत फार प्राचीन आहे. परंतु जाळाला एकच गोष्ट सांगता येते, आणि तीही आधी ठरलेली असावी लागते. जाळ दिसला म्हणजे शत्रू आला एवढे कळते. तो किती संख्येने आला आणि कोणत्या वाटेने आला, हे कळत नाही. जहाजांवरील ध्वजांनी व कंदिलांनी ही मर्यादा काही अंशी ओलांडली होती. जमिनीवरून मात्र हवा तो मजकूर केवळ दृष्टीच्या साहाय्याने देशभर पोचविण्याची व्यवस्था प्रथम फ्रान्समध्ये उभी राहिली. तिचा जनक क्लोद शाप (१७६३–१८०५) हा होय.

शाप याने आपला पहिला जाहीर प्रयोग मार्च १७९१ मध्ये केला आणि पुढील वर्षी आपली योजना विधिमंडळापुढे मांडली. फ्रान्स त्या काळी युद्धात गुंतला होता. सरहद्दीवरील सैन्याची वार्ता राजधानीत लवकर येणे हा राज्याच्या अस्तित्वाचा प्रश्न होता. १७९३ मधील चाचणी यशस्वी झाल्यावर पॅरिस ते लील या मार्गास मंजुरी मिळाली आणि १७९४ मध्ये त्यावरून विजयाच्या वार्ता राजधानीत येऊ लागल्या. ‘टेलिग्राफ’ हा शब्द याच यंत्रासाठी घडविण्यात आला. विजेच्या तारा त्यानंतर कित्येक वर्षांनी आल्या.

यंत्राची रचना अशी होती. मनोऱ्यावर उभारलेल्या खांबाच्या माथ्यावर सुमारे साडेचार मीटर लांबीची एक तुळई फिरत असे. तिच्या दोन्ही टोकांना सुमारे दोन मीटर लांबीची एकेक भुजा जोडलेली होती. प्रत्येक भुजेच्या सात स्थिती मानलेल्या होत्या. संकेत प्रथम तुळई तिरकी ठेवून जुळविला जाई. ती आडवी किंवा उभी केली की तो पक्का झाला असे समजत. यावरून सातास सातांनी व पुन्हा दोहोंनी गुणले असता ९८ संकेत होतात. त्यांपैकी सहा कामकाजाच्या सूचनांसाठी राखून ठेवले होते. उरलेल्या ९२ संकेतांच्या जोरावर संकेतकोश रचला गेला. त्यात ९२ पृष्ठे आणि प्रत्येक पृष्ठावर ९२ नोंदी होत्या. पहिला संकेत पृष्ठ दर्शवी, दुसरा ओळ. अशा रीतीने केवळ दोन संकेतांत ८,४६४ शब्दांपैकी वा वाक्प्रयोगांपैकी कोणताही एक कळविता येत असे.

हा कोश मार्गावरील प्रमुख ठाण्यांच्या अधिकाऱ्यांपाशीच असे. मधल्या मनोऱ्यांवरील कर्मचारी दुर्बिणीतून शेजारच्या मनोऱ्याकडे पाहत, दिसलेली आकृती जशीच्या तशी उभी करीत, आणि पुढच्या मनोऱ्याने ती बरोबर उतरविली की नाही याची खात्री करून घेत. आपण कोणती वार्ता पुढे पाठवीत आहोत, हे त्यांना ठाऊक नसे. गुप्ततेची सारी भिस्त त्यांच्या या अज्ञानावर होती. धुके, पाऊस आणि रात्र हे या व्यवस्थेचे उघड शत्रू होत. तिचा छुपा शत्रू मात्र या अज्ञानातच दडलेला होता.

१८३४ मध्ये बोर्दो येथील दोन ब्लाँ बंधूंनी त्याचा लाभ उठविला. पॅरिसच्या रोखेबाजारातील भाव टपालगाडीने बोर्दोला पोचण्यास काही दिवस लागत, आणि टेलिग्राफ केवळ सरकारी कामासाठी होता. मार्गावरील तूर येथे संदेश उलगडून त्यातील चुका काढल्या जात. म्हणून ब्लाँ बंधूंनी तेथील कर्मचाऱ्यास लाच देऊन वश केले. भावात मोठी चढउतार झाली की पॅरिसहून एक पुडके त्याच्याकडे टपालाने येई. त्यावरून इशारा घेऊन तो सरकारी संदेशात एक जादा संकेत घुसवी आणि लगेच ‘चूक झाली’ असा संकेत देई. पुढील मनोरे नियमाप्रमाणे दोन्ही संकेत पुढे धाडीत. बोर्दोचा अधिकारी चुकीचा संकेत गाळून मजकूर वाचीत असल्याने त्यास संशय येत नसे. परंतु अखेरच्या मनोऱ्यावर नजर ठेवून असलेल्या साथीदारास हवे ते कळून चुकलेले असे. अशा प्रकारे चूक सुधारण्यासाठी केलेली सोयच चोरवाट ठरली.

१८३६ मध्ये हे कारस्थान उघडकीस आले, तरी खाजगी संदेशास मनाई करणारा कायदाच त्या वेळी नव्हता. त्यामुळे दोघे बंधू शिक्षेवाचून सुटले. १८३७ मध्ये कायदा करून संदेशवहनाचा अधिकार शासनाने स्वतःकडे राखला. पुढे विजेचा टेलिग्राफ आला आणि १८५० नंतरच्या काही वर्षांतच भुजांचे मनोरे ओस पडले. तोवर त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली होती. धुक्याची व रात्रीची अडचण विजेने दूर केली. परंतु संदेश ज्याच्या हातून जातो त्याच्यावर किती विश्वास टाकावा, हा ब्लाँ बंधूंनी उभा केलेला प्रश्न तारांबरोबर पुढे चालत राहिला.