कल्टार घालताना कलमाचा विस्तार मोजा

श्रावणातली पहिली उघडीप मिळाली की कोकणात हापूसच्या बागांतून कल्टारची लगबग सुरू होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे 15 जुलै ते 15 ऑगस्ट हा त्याचा काळ. धो धो पाऊस चालू असेल तर थांबा, नाहीतर औषध वाहून जाईल. जमिनीत ओल मात्र हवी.

कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझोल हे खत नव्हे. पालवी वाढवणारं जिब्रेलिन नावाचं संजीवक झाडात तयार होतं, त्याची निर्मिती ते रोखतं. नवी पालवी आवरली जाते, फांद्यांत अन्नाचा साठा होतो आणि मोहोर लवकर व नियमित येतो. एक वर्षाआड धरणाऱ्या हापूसला याचा मोठा आधार झाला. पण साठा व्हायला मुळात अन्न हवं. म्हणून दहा वर्षांपुढची, निरोगी, भरदार कलमंच निवडा. खोडकिडा लागलेलं किंवा मरगळलेलं कलम यंदा सोडून द्या.

मात्रा झाडाच्या वयावरून नाही, विस्तारावरून ठरते. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोन्ही बाजूंनी विस्तार टेपने मोजून सरासरी काढा. दर मीटरला 3 मिली कल्टार. सरासरी 8 मीटर आली तर 24 मिली, तीन ते सहा लिटर पाण्यात. आधी झाडाखालचं तण काढा, नाहीतर औषध तेच शोषून घेईल. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोल आखून सारख्या अंतरावर 10 ते 12 सेंटीमीटर खोल 25 ते 30 भोकं पाडा. द्रावण सर्वांत सारखं ओता आणि भोकं मातीने बुजवा.

‘थोडं जास्त घातलं तर जास्त धरेल’ हा समज बागेच्या मुळावर येतो. हे औषध मातीत दीर्घकाळ टिकतं. दरवर्षी जादा पडत गेलं की पेरं आखूड होतात, पानं बारकी राहतात, मोहोर गुच्छासारखा आखडतो आणि त्यात तुडतुडे व भुरी यांचं फावतं. बाग कराराने दिली असेल तर कल्टार घालताना मालकाने स्वतः हजर राहावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. करार संपतो, कलम आपल्याच वाट्याला राहतं. आणि भरपूर धरणाऱ्या झाडाला शेणखत व रासायनिक खतांची मात्रा चुकवणं म्हणजे त्याला उपाशी राबवणं.

पुढे थंडी लांबली आणि फळं धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येऊ लागला, तर पहिली फळं गळतात. त्यावर उपाय म्हणून नेमकं जिब्रेलिनच वापरायचं. एक ग्रॅम जिब्रेलिक ॲसिड आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून 20 लिटर पाण्यात मिसळा. पहिली फवारणी मोहोर पूर्ण उमलल्यावर, दुसरी फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. मोहोरात संयुक्त फुलं पुरेशी आहेत का, हे मात्र फवारणीआधी पाहून घ्या.