वारं की आकडी?

पैठणीच्या मागावर बसलेल्या माझ्या थोरल्या वहिनीचा धोटा मध्येच थांबायचा. नजर खिळायची, ओठ चपचप हलायचे, मग हात जोडले जायचे आणि पुटपुट सुरू व्हायची, ‘उदो, आई, उदो’. मिनिटाभरात सगळं संपायचं. तिला मात्र काहीच आठवायचं नाही. आळीत बोलबाला झाला, कोटमगावची जगदंबा अंगात येते. बायका ओटी घेऊन मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारायला येऊ लागल्या. उत्तर कुणालाच मिळालं नाही, आणि मला खटकलं ते तिथेच.

अंगात येणं आम्ही येवलेकर लहानपणापासून पाहतो. संबळ घुमतो, आरती रंगते, तेव्हा वारं येतं; बाई बोलते, कौल देते. वहिनीचं तसं नव्हतं. चुलीपुढे, झोपेत, कुठेही, आणि दर वेळी अगदी तस्संच. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवला. हातपाय न झाडताही आकडी येते, ते म्हणाले. कानशिलाच्या आतल्या, टेम्पोरल भागातून झटका उठला की बेभान माणसाचे हात सवयीचंच काम करतात. कुणी बटणं चाचपतो, क्वचित कुणी प्रार्थना करतो. ख्रिस्ती माणूस क्रूसाची खूण करतो. म्हणजे देवी मेंदूत शिरत नाही, अंगवळणी पडलेली भक्ती तेवढी बाहेर येते.

असं काही घरात दिसलं तर आधी वेळ मोजा आणि व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तोच जास्त सांगतो. त्या वेळी धरून ठेवू नका, चूल-विळी दूर करा. माणूस कोसळला तर कुशीवर वळवा. चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. झटका पाच मिनिटांपलीकडे गेला तर थेट दवाखाना. लागोपाठ झटक्यांनंतर एक-दोन दिवसांनी माणूस ‘मीच देव’ म्हणू लागला, तर तेही आजारातलंच. तेव्हा पाया पडू नका, डॉक्टर गाठा. भूत उतरवायला मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

नवरात्रात जास्त जपा. जागरणाने झटके वाढतात, उपवासाच्या नावाखाली आकडीची गोळी चुकली तरीही. घटी बसायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, रात्री झोप घ्या आणि गोळी वेळेवर घ्या. घोटभर पाण्याने उपवास मोडत नाही.