कुजणाऱ्या पिशवीचे गणित

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली. त्यानंतर आमच्या सोमाटणे फाट्यावरच्या दुकानांतही ‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या पिशव्या आणि पेले दिसू लागले. या वस्तू महाग, आणि पिशवी तर ओला कचरा भरताच फाटते, अशी घरोघरची तक्रार ऐकू येते. मग जास्त पैसे मोजून आपण नेमके काय विकत घेतो? चला, तराजू घेऊन बसू या.

समजा, पिशवी ३० सें.मी. रुंद व ४० सें.मी. लांब आहे. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ २,४०० चौ. सें.मी. जाडी ५० मायक्रॉन, म्हणजे ०.००५ सें.मी. धरली, तर पिशवीतील द्रव्याचे घनफळ १२ घ. सें.मी. होईल. साध्या पॉलिथिनची घनता सुमारे ०.९२ आहे, तेव्हा पिशवीचे वजन ११ ग्रॅम भरेल. कुजणारी पिशवी बहुधा पीबीएटी, पीएलए व स्टार्च यांच्या मिश्रणाची असते. तिची घनता १.२५ च्या आसपास धरा. त्याच मापाची पिशवी १५ ग्रॅमची होईल. म्हणजे एक किलो मालातून पॉलिथिनच्या ९० पिशव्या निघतील, कुजणाऱ्या मात्र ६६. किलोचा भाव सारखा असता (तो नाही, हा माल मुळातच महाग आहे) तरी नग महागच पडला असता!

मग जाडी कमी केली जाते. हातपिशवीला किमान जाडीची जी अट केंद्राच्या नियमांत आहे, ती कुजणाऱ्या पिशवीला लागू नाही. पिशवी पातळ झाली की फाटते, आणि आपण एकात एक दोन घालतो. म्हणून तुलना गुंडीच्या किमतीची करू नका. एक बादली कचरा बाहेर टाकायला किती खर्च आला, तो काढा.

घनतेतील या फरकाचा एक उपयोगही आहे. पिशवीचा छोटा तुकडा साबणाचे बोट लावून पाण्याखाली दाबा व सोडा. पॉलिथीन वर येते, कुजणारा तुकडा तळाशी जातो. तरंगला तर दुकानदाराला जरूर विचारा! बुडाला म्हणून लगेच खात्री मात्र बाळगू नका. पॉलिथिनमध्ये खडूची पूड पुरेशी मिसळली तर तेही बुडते. छापावर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे का, ते पाहा.

या मानकातही एक मेख आहे. त्यातील कुजण्याची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सियसला होते, आणि तिला १८० दिवसांपर्यंत मुदत असते. आमच्या परसातल्या खड्ड्यात मी पीएलएचा पारदर्शक पेला पुरला होता. पावसाळा सरल्यावर उकरला, तर धुऊन त्यात पाणी प्यावे असा शाबूत! असे का व्हावे? कुजणाऱ्या कचऱ्यात उष्णता निर्माण होते ती त्याच्या घनफळाच्या प्रमाणात, आणि निसटते ती पृष्ठभागातून. एक मीटर बाजूच्या घनाकृती ढिगात दर घनमीटरमागे पृष्ठभाग ६ चौ. मीटर, पाव मीटर बाजूच्या ढिगात तोच २४. छोटा ढीग चौपट वाटांनी निवतो. त्यात मावळचा पाऊस! पीएलएला लागणारी ऊब तिथे टिकतच नाही.

म्हणून मोठ्या खतप्रकल्पाकडे जाणाऱ्या कचऱ्यासाठी ही पिशवी घेणे मला पटते. घरच्या खड्ड्यासाठी नाही. आमच्या बादलीत आम्ही जुने वर्तमानपत्र घालतो. त्याचा तळ भिजून फाटतो आणि बादली रोज धुवावी लागते, ही त्याची किंमत.

तुम्ही शाळेच्या आवारात एकाच खोलीवर तीन तुकडे पुरा : कुजणाऱ्या पिशवीचा, वर्तमानपत्राचा आणि पळसाच्या पत्रावळीचा. प्रत्येक जागी खूण म्हणून काडी रोवा. दर पंधरा दिवसांनी तुकडे उकरून पाहा आणि खड्ड्यातले तापमान लिहून ठेवा. तापमापक थेट मातीत खुपसू नका, फुटेल. आधी काठीने भोक पाडा.