मोरीची जाळी आणि गळ्यातील हार

दागिना म्हणजे सोने, ही आपली समजूत फार जुनी आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. अडचणीच्या दिवशी पाटल्यांनी किती संसार सावरले, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया जाणतात. तथापि दागिन्याचे मोल आणि दागिन्याची कल्पना या भिन्न गोष्टी होत. आपली बोरमाळच पाहा: सोने सोनाराचे, पण आकार रानातल्या बोराचा!

घरावरून आणि घरातील वस्तूंवरूनही दागिने घडले आहेत. जर्मनीतील एर्फुर्ट शहरी १९९८ साली एका जुन्या भिंतीखाली पुरलेला ठेवा सापडला. त्यात यहुदी विवाहविधीतील सोन्याची अंगठी आहे. तिच्या माथ्यावर कमानी व निमुळते छप्पर असलेली चिमुकली इमारत उभी आहे. १३४९ सालच्या यहुद्यांच्या कत्तलीच्या सुमारास कोणी तरी ती लपविली. परत न्यावयास कोणी आले नाही.

दुसरी हकीकत अलीकडची. अ‍ॅनी अल्बर्स ह्या बर्लिनच्या यहुदी कुळात जन्मलेल्या विणकाम-कलावती. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्यांनी पतीसह मायदेश सोडला व अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात त्या शिकवू लागल्या. पुढे मेक्सिकोत त्यांनी माँते आल्बान येथील थडग्यात सापडलेले प्राचीन अलंकार पाहिले. तेथे सोन्यामोत्यांच्या बरोबरीने साधे शिंपलेही मानाने बसले होते. हे पाहून आल्यावर अलेक्झांडर रीड ह्या शिष्यासह त्यांनी लोखंडी सामानाच्या दुकानातील माल घेतला. मोरीची वाटोळी जाळी पदकासारखी मध्ये, तिच्या कडेला लोंबणाऱ्या कागदाच्या क्लिपा, आणि वर साखळी, झाला हार! दुसऱ्यात फितीत गुंफलेले वायसर, तिसऱ्यात केसांचे आकडे. १९४१ साली हे दागिने न्यूयॉर्कच्या विलर्ड गॅलरीत मांडले गेले.

ही सोन्याची थट्टा झाली, असे कोणी म्हणेल. वायसर गहाण ठेवून कोणी पैसे देत नाही, हेही खरेच. परंतु जाळीची भोके सोनाराच्या जाळीकामाइतकीच रेखीव असतात. ती मोरीत, पायांखाली असतात म्हणून आपणांस दिसत नाहीत. सारे सोडून आलेल्या बाईंस मात्र ती दिसली.

विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत स्वयंपाकघरातील झाऱ्याची भोके कशी मांडली आहेत ते कागदावर रेखाटून पाहावे. मात्र आईस विचारल्यावाचून किसणी गळ्यात घालू नये.